पिवळ्या टॅगचं भजं

भजं दोन बोटांत धरायचं, ट्यूबलाइटकडे उंच करायचं आणि एक डोळा बारीक करून आधी सुलटं बघायचं, मग उलटं. मग नाकाजवळ न्यायचं. मग कानाजवळ. आमच्या कॅन्टीनमध्ये बुधवारी भजी असायची आणि दर बुधवारी हा कार्यक्रम व्हायचा. बाकीचे जेवून हात धुऊन यायचे, तेव्हा कुठे आमचे इन्स्पेक्टर पहिलं भजं ताटात परत ठेवून म्हणायचे, "होल्डवर ठेवू."

कानाजवळ कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "ताई, गरम भजं बोलतंय. थंड झालं की गप बसतंय," असं उत्तर मिळालं. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

त्यांचं नाव सांगत नाही, कारण कंपनीत त्यांना नावानं कुणी ओळखतच नव्हतं. सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल ते तपासायचे. माल चांगला असला तर हिरवा टॅग, वाईट असला तर लाल, आणि ठरत नसेल तर पिवळा. पिवळा म्हणजे होल्ड. पिवळ्या टॅगच्या मालाला कुणी हात लावायचा नाही, साक्षात मालकानंही नाही. ज्यानं टॅग लावला त्यानंच येऊन तो काढायचा. दुसरा एक नियम होता. आपला माल आपण पास करायचा नाही. हिरव्या टॅगवर सही लागते ती दुसऱ्याची. हा नियम ते लोकांना इतक्यांदा ऐकवायचे की आमच्या सिक्युरिटीवाल्यालाही तो पाठ झाला होता.

मी परचेसला. म्हणजे माल मी मागवायचा आणि त्यांनी अडवायचा, त्यामुळे आमची रोज जुंपायची. वर आणखी शेजार. बजाजनगरात त्यांचं रो-हाऊस आणि आमचं, मध्ये एकच भिंत. दिवसभर कंपनीत भांडून संध्याकाळी त्यांच्याच घरून आलेली कोथिंबीर मी निवडत बसायची.

आता हे भजी ऐकण्याच्या आधीचे इन्स्पेक्टर तुम्ही बघायला हवे होते. तेव्हा ते खायचे, पण खाल्ल्याचा त्यांना पत्ता नसायचा. एकदा एका सप्लायरशी फोनवर भांडत ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी धपाट्यांचा डबा नुकताच उघडून ठेवला होता. भांडण रंगलं. बेअरिंगच्या आतल्या मापावरून वाद चालला होता आणि दर वाक्याला धपाट्याचा एक तुकडा मोडला जात होता. फोन ठेवला तेव्हा डब्यात दह्याची वाटी उरली होती, तीही पुसलेली. रिकाम्या डब्याकडे बघून त्यांनी मला फार काळजीनं विचारलं, "ताई, आज डबा नाय आणला का? असं उपाशी राहू नये बघा."

मी कपाळावर हात मारला. करणार काय. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं.

मग वहिनींच्या किडन्या गेल्या. वहिनी म्हणजे त्यांच्या बायको, करमाडकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला तिखट आणि हाताला सुगरण. डायलिसिस सुरू झालं. मीठ बंद, बटाटा बंद, टोमॅटो बंद, पाणी मापानं. जिच्या फोडणीचा खमंग वास भिंत ओलांडून आमच्या घरी यायचा, ती बाई अळणी भात कालवून गिळायला लागली. मला तो आवाज न करता चाललेला संसार भिंतीपलीकडून ऐकवेना.

इन्स्पेक्टर स्वतःच्या तपासण्या करून आले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "माल पास झाला ताई. पॅकिंग रिजेक्ट."

वहिनींना द्यायची त्यांची किडनी जुळत होती. चांगली होती. पण त्यांचं वजन एवढं होतं की आधी ते उतरवा, मगच ऑपरेशनचं बोलू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"म्हणजे तिच्यात आन् किडनीत आडवं काय आलंय, तर भजी," ते म्हणाले. हसले नाहीत. मलाही हसता आलं नाही.

दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी इन्स्पेक्टरांना काही बंद केलं नाही, फक्त लक्ष देऊन खायला सांगितलं. खायची हुक्की आली की लगेच तोंडात टाकायचं नाही. थांबायचं. भूक कुठून आली ते बघायचं. घास बघायचा, हुंगायचा, चावायचा, मग गिळायचा. शिकवायला म्हणून त्यांनी यांच्या तळहातावर एक मनुका ठेवला आणि तो नीट अनुभवा म्हणाल्या. यांनी खिशातून व्हर्नियर काढून मनुक्याचं माप घेतलं.

"ताई, हे तर आपलंच काम की," कंपनीत येऊन ते मला सांगत होते आणि इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. "लोखंड आलं तर गेटवर अडवतो, तपासतो, मग आत घेतो. आन् तोंडाच्या गेटवर आजवर वॉचमनच नाय बसवला. आव जाव घर तुम्हारा."

त्या दिवसापासून आमच्या कॅन्टीनचे ग्रह फिरले.

भूक तीन प्रकारची, असं त्यांनी ठरवलं. पोटाची भूक हिरवी. जिभेची पिवळी. आणि डोक्याची, म्हणजे साहेब ओरडले म्हणून लागलेली, ती लाल. ताट समोर आलं की ते डोळे मिटून पोटावर हात ठेवायचे आणि भुकेला मोठ्यानं विचारायचे, "कुठून आलीस? सप्लायर कोण?" सगळं कॅन्टीन घास हातात धरून उत्तराची वाट बघायचं. कधी ते म्हणायचे, "पोट." मग जेवायचे. कधी म्हणायचे, "नाय, ही डिस्पॅचवाल्याशी भांडण झालं त्याची हाय," आणि ताट सरकवून डिस्पॅचवाल्याला शोधायला जायचे. ते भांडण मिटवून येईपर्यंत वरणावर साय धरायची.

कॅन्टीन चालवणारे चाचा जुन्या शहरातले. त्यांना हे सगळं अपमानासारखं वाटायचं. एकदा न राहवून ते झारा घेऊन बाहेर आले. म्हणाले, "साब, इत्ता नक्को देखो उसकू. शरमाके ठंडी हो रई."

"चाचा, थंडी होऊ द्या," इन्स्पेक्टर म्हणाले. "थंड झाल्यावर बी खावंसं वाटलं तर ती भूक. नाय वाटलं तर नुसता वास होता."

चाचा मान हलवत आत गेले. पण दोनतीन बुधवारांनी मी बघितलं, चाचा स्वतः कढईसमोर पोटावर हात ठेवून उभे होते.

मग इन्स्पेक्टर टॅग लावायला लागले. खरोखरचे, कंपनीचे, दोरीवाले. माझ्या ड्रॉवरमध्ये चिवड्याचा डबा असतो. एके सकाळी ड्रॉवरच्या कडीला पिवळा टॅग. मटेरियल: चिवडा. कारण: ताई सही करता करता खातात, तपासणी बाकी. मी चिडले. एवढी चिडले की टॅग ओढून काढणार होते, पण हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. इतकी वर्षं पिवळ्या टॅगला हात लावायचा नाही हे अंगात मुरलेलं. त्या दिवशी मी चिवड्यासाठी इन्स्पेक्शन विभागाकडे रीतसर विनंती घेऊन गेले, ऐका.

कहर झाला तो कस्टमरचे ऑडिटर आले तेव्हा. बाहेरगावचे साहेब, गोल पोट, कडक चेहरा. सकाळपासून त्यांनी आमच्या मॅनेजरांना घाम फोडला होता. जेवायला कॅन्टीनमध्ये आणलं, तर समोरच्या टेबलावर बशीत एक कचोरी आणि कचोरीला पिवळा टॅग. मॅनेजरांचा चेहरा बघवेना. ऑडिटर वाकले, टॅग वाचला आणि म्हणाले, "हे कुणाचं?"

इन्स्पेक्टर उभे राहिले. मीच डोळे मिटून घेतले.

"माझं. भूक पोटाची की जिभेची, नक्की झालं नाय. म्हणून होल्ड."

"रिलीज कधी करणार?"

"थंड झाल्यावर परत बघणार. तवा बी पायजे वाटली तर अर्धी. अर्ध्यानंतर परत विचारणार."

ऑडिटर बराच वेळ त्या कचोरीकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून यांच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला रात्री फरसाण लागतं हो. त्याला काय करायचं?" दुपारचं ऑडिट तासभर उशिरा सुरू झालं. आम्ही पास झालो. मॅनेजरांनी त्यानंतर टॅगबद्दल अवाक्षर काढलं नाही.

हसत होतो आम्ही, पण वजन उतरत होतं. पट्ट्याला नवं भोक पडलं. शर्टाची बटणं सैल झाली. आणि मग एकाएकी काटा अडला. दोन महिने जागचा हलेना. दवाखान्यातून फोन यायचे. वहिनींच्या हातावर सुयांनी गाठी आल्या होत्या, चेहरा काळवंडत चालला होता, आणि हा माणूस तोच आकडा घेऊन परत यायचा.

त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. कंपनीतून प्रमाणित वजनं आणून घरचा काटा तपासला. काटा बरोबर होता. मग बुटांवर, मग चष्म्यावर, मग बजाजनगरच्या पाण्यावर संशय घेतला. कॅन्टीनमध्ये आता ते अर्ध्या भज्यावर आले होते. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "ताई, गेटवर तर मी स्वतः उभा हाय. मग माल आत येतोय कुठून?"

एका रविवारी दुपारी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. गेले तर ते ताटासमोर बसलेले, समोर ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या.

"ताई, ही भाकरी उकला. वाफेला काय वास येतोय?"

मी भाकरीचा पापुद्रा सोडवला. वाफ आली आणि वाफेत तूप. थोडंथोडकं नाही. पिठातच मळलेलं, वरून कळू नये असं. त्यांनी वरण पुढे केलं, त्यातही तेच. भाजीत शेंगदाण्याचं कूट इतकं बारीक वाटून घातलेलं की डोळ्याला दिसू नये.

"मी कंपनीत गेट लावून बसलो," ते हळू म्हणाले, "आन् घरात डोळे मिटून खात होतो. घरचा माल कुणी तपासतंय व्हय?"

वहिनी वळल्या. आधी त्यांनी उलथणं खाली ठेवलं.

"व्हय, मीच घातलं," त्या म्हणाल्या. "तुमचं वजन उतरलं की तुमाला कापणार. मी तर अशी झालीच. एक तरी धड राहू द्या या घरात. बाहेरगावी शिकतायत त्या पोरांनी कुणाकडं बघायचं?"

बघा, इतके दिवस आम्ही सगळे त्या माणसाच्या भुकेशी भांडत होतो, आणि इकडे ही बाई स्वतःच्या जिवाच्या विरुद्ध रोज पीठ मळत होती. स्वतःला मिठाचा कण नाही आणि यांच्या भाकरीत तूप. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसती भाकरी हातात धरून उभी राहिले.

इन्स्पेक्टरांनी सवयीनं खिशात हात घातला. तिन्ही रंगांचे टॅग बाहेर काढले, बघितले आणि तसेच ताटाशेजारी ठेवले.

"ह्याला कुठला लावू, ताई?" त्यांनी मला विचारलं. त्यांचे डोळे भरले होते. मी हातातली भाकरी त्यांच्या ताटात परत ठेवली.

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडे कुणी कुणाशी बोललं नाही. भांड्यांचे आवाज तेवढे यायचे.

बुधवारी इन्स्पेक्टरांनी कॅन्टीनमधलं एक भजं डब्यात घातलं आणि घरी नेलं. मी संध्याकाळी कढीलिंब मागायला म्हणून गेले. खरं सांगायचं तर बघायला गेले. दोघं जमिनीवर समोरासमोर बसले होते आणि मध्ये बशीत ते एकटं भजं.

"कांद्याचं हाय," ते म्हणाले. वहिनी भिंतीकडे बघत होत्या.

त्यांनी एक कण तोडून तोंडात टाकला. डोळे मिटले. "आधी मीठ आलं. थोडं जास्तच. आता ओवा. थांब, मिरची मागून येतीय. कांदा गोडसर लागला, कडंला जळालाय जरा."

मग वहिनी भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "बेसन जाड हाय का बारीक?"

"जाड."

"मग सोडा घातला आसंल. दाताला चिकटतंय का?"

"चिकटतंय."

"चाचाला म्हणावं, मोहन घाल गरम तेलाचं. सोडा नको." त्या वळून बसल्या. "आता पुढचा घास घ्या. आन् नीट सांगा, घाई नका करू."

तेव्हापासून दर बुधवारी हे चालायचं. एक भजं, अर्धा तास. ते खायचे, त्या ऐकायच्या. कधी मी दारात उभी राहून ऐकायची. इतकं हळू, इतकं मन लावून खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, कारण त्यांना ते दोघांसाठी खायचं होतं. दुसरं भजं त्यांनी कधी मागितलं नाही. एका बुधवारी अर्ध्यावर ते थांबले आणि म्हणाले, "मला सांगायचा कंटाळा नाय. जन्मभर सांगंन. पण मला धड सांगता येत नाय गं. मी लई काय काय पदरचं घालून सांगतो. एकदा तूच खाऊन बघ."

वहिनींनी उरलेलं अर्धं भजं त्यांच्यापुढे सरकवलं. पण त्या आठवड्यापासून आमच्याकडे येणारा भाकरीच्या वाफेचा वास नुसता ज्वारीचा झाला. काटा हलला. पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी हो म्हटलं.

दवाखान्यात भरती व्हायला निघाले त्या सकाळी मी किल्ली घ्यायला गेले. दारात रिक्षा उभी होती. इन्स्पेक्टर नव्या, मापाच्या शर्टात ओट्यावर बसले होते आणि शर्टाच्या बटणाला दोरीनं हिरवा टॅग बांधलेला होता. मी वाकून वाचला. मटेरियल: किडनी, डावी. सप्लायर: स्वतः. पॅकिंग: पास. सहीची जागा कोरी.

"सही करा, ताई. मला करता येत नाय. आपला माल हाय."

"परचेसची सही क्वालिटीच्या टॅगवर चालत नाही," मी म्हटलं. "हे तुम्हीच मला जन्मभर सुनावलंत."

ते पेन धरून तसेच बसले. टॅग कोरा. आपला माल आपण पास करायचा नाही, म्हणजे नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. डायलिसिसचा हात पदराखाली. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "आणा इकडं," त्या म्हणाल्या.

त्यांनी टॅग हातात धरला, उजेडाकडे केला, सुलटा बघितला, उलटा बघितला. सगळं वाचलं. मग त्यांच्या छातीशी वाकून, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं काढत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"पास झालेला माल आमी परत घेत नाय बरं का," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मी बी देणार नाय," वहिनी म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या.

ऑपरेशन दोघांचंही नीट झालं. टॅग तिथल्या सिस्टरांनी काढायला लावला म्हणे, आणि इन्स्पेक्टरांनी त्याआधी त्या सिस्टरांना त्याचे नियम समजावून सांगितले.

आता ते कंपनीत नाहीत. निवृत्त झाले आणि करमाडच्या पुढे वहिनींच्या गावाजवळ घर बांधून राहिले. रो-हाऊसमध्ये दुसरे लोक आले आहेत. ते फोडणी देताना पंखा लावतात, त्यामुळे आम्हाला काहीच कळत नाही. बुधवारी कॅन्टीनमध्ये भजी असतात. चाचा आता मोहन घालतात. ट्यूबलाइटकडे कुणी भजं उचलून बघत नाही आणि मला अजून पहिलं भजं खाताना चोरी केल्यासारखं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनींना कधीमधी एखादं चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून इन्स्पेक्टरांनी स्वतः भजी तळली. पहिलं भजं वहिनींच्या बशीत ठेवलं आणि समोर मांडी घालून बसले. वहिनींनी एक घास घेतला. डोळे मिटले. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. इन्स्पेक्टरांना दम निघेना.

"कसं लागतंय?"

वहिनींनी हात वर करून त्यांना थांबवलं. चावून झालं. गिळून झालं. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "तुमी सांगायचा त्यातलं एक बी खरं नाय." आणि उरलेलं भजं त्यांनी उचललं.